घराचा नकाशा आणि चुलीची जागा

नवें घर घ्यावयाचें ठरलें म्हणजे कुटुंबांत ज्या चर्चा होतात, त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम जागा कोणत्या भागांत, मग किंमत, मग दिवाणखाना केवढा, गॅलरी कोणत्या दिशेस, मोटार ठेवावयाची सोय आहे कीं नाहीं. आणि या सर्वांचा निकाल लागून नकाशाची गुंडाळी करण्याची वेळ आली, म्हणजे कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, स्वयंपाकघराविषयीं अद्याप कोणी बोललेंच नाहीं. मग घरांतील स्त्रियांस हांक मारून नकाशा दाखविला जातो व "एवढें पुरेल ना ?" असें विचारण्यांत येतें. प्रश्नच अशा रीतीनें विचारलेला असतो कीं, त्याला "पुरेल" याखेरीज दुसरें उत्तर देणें कठीण व्हावें.

हल्लीं पुण्यामुंबईकडे जुने वाडे, चाळी व पन्नास-साठ वर्षांच्या इमारती पाडून त्या जागीं नवीं घरें उभारण्याचें काम झपाट्यानें चाललें आहे. 'पुनर्विकास' हा शब्द आतां पोरांच्याही तोंडीं बसला आहे. अनेक कुटुंबांच्या बैठकींत आज असे नकाशे पसरलेले आहेत. आणि एकदां भिंती उभ्या राहिल्या म्हणजे पुढील दोन पिढ्यांस त्यांच्याच आंत वावरावें लागणार आहे. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : घराचें रूप गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत अनेक वेळां पालटलें, परंतु प्रत्येक वेळीं घराची मांडणी ठरविली ती स्वयंपाकघरानें. नकाशांत त्याला शेवटची जागा देणारा मनुष्य घराचा विचार उलट्या टोंकाकडून करीत असतो.

आपल्या जुन्या घरापासूनच आरंभ करूं. पुणें, सातारा, वाई, नाशिक या बाजूचा वाडा घ्या, अगर कोंकणांतील कौलारू घर घ्या. बाकीच्या मांडणींत फरक असला तरी स्वयंपाकघराची जागा दोहोंकडे सारखीच सांपडेल. वाड्यांत दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, आणि त्याच्याही पलीकडे देवघराला लागून स्वयंपाकघर. कोंकणांत ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागील पडवी, न्हाणी आणि विहीर. मनुष्य जितका परका तितका तो बाहेर थांबे, व जितका जवळचा तितका आंत येई. कुळें व देणेकरी ओसरीच्या खालीं, व्यवहाराची मंडळी सोप्यावर, आप्त माजघरांत. आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आंत ज्याचें पान मांडलें गेलें, तो घरचा. घराचा सारा क्रम असा चुलीपासून मोजलेला असे.

स्वयंपाकघर इतकें आंत कां गेलें ? त्याचीं कारणें तीन. पहिलें कारण अग्नि. लांकूड, माती व गवत यांनीं उभारलेल्या घरांत उघडी चूल म्हणजे रोजचें भय. ती बसण्याउठण्याच्या जागेपासून दूर, घराच्या एका टोंकाला ठेवणें हेंच शहाणपणाचें. शिवाय लांकडांचा व गोंवऱ्यांचा धूर. तो कौलांच्या फटींतून व धुराड्यांतून वाट काढीत जाई. वाशांवर बसून लांकडाला कीड लागूं देत नसे, एवढाच काय तो त्याचा उपकार. दुसरें कारण पाणी. विहीर परसांत, म्हणून चूल परसाच्या बाजूस. पुण्यांत नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत आणलें गेलें, तेव्हां तें हौदांत पडूं लागलें. पण हौदापासून चुलीपर्यंत तें घागरीनेंच जात असे. तिसरें कारण सोवळें. स्नान करून, धूतवस्त्र नेसून ज्यानें आंत जावयाचें त्याच्या वाटेंत दुसऱ्या कोणी येतां कामा नये, ही त्या काळची कल्पना. तेव्हां जी जागा कोणाच्याही वाटेंत नाहीं अशी शेवटची जागा चुलीला मिळाली.

त्या खोलीची आंतील रचना मात्र मोठ्या विचाराची होती, हें मान्य केलें पाहिजे. सारें काम बसून करावयाचें. पाटावर बसलेल्या बाईसमोर चूल व तिच्या बाजूस वैल. मुख्य जाळावर भात शिजत असतां उरलेल्या आंचेवर वैलावर आमटी उकळे. एका हाताशीं फुंकणी व जळण, दुसऱ्या हाताशीं मिसळणाचा डबा, विळी व परात. पाठीशीं फडताळ, वर दुधातुपाचें शिंकें, कोंपऱ्यांत उतरंड, भिंतीशीं पाटा-वरवंटा. निखारे पापड भाजण्यास, राख भांडीं घासण्यास. वायां कांहींच जात नसे. हात लांब केला कीं वस्तु मिळावी, हें तत्त्व आमच्या आज्यापणज्यांनीं कोणत्याही पुस्तकावांचून साधलें होतें.

परंतु एवढ्यावरून जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती खोली अंधारी होती. धुरानें डोळे जात, छाती भरे. सारें आयुष्य त्या खोलींत काढलेल्या स्त्रिया म्हातारपणीं खोकल्यानें व कमरेच्या दुखण्यानें बेजार झालेल्या असत. तिसाचाळीस माणसांच्या कुटुंबांत शेवटची पंगत उठून बायकांचीं पानें मांडलीं जाईपर्यंत दुपार टळून जाई. सोवळ्याचा स्वयंपाक पुष्कळ घरीं लाल आलवण नेसणाऱ्या विधवा स्त्रियांच्या माथीं बसे; ज्या घरांत त्यांना मंगलकार्यांत पुढें येण्याची बंदी, त्याच घराचें अन्न त्यांच्या हातचें. आणि ज्या सोवळ्यानें चूल शुद्ध राखली, त्याच सोवळ्यानें परजातीच्या माणसाला पाण्याच्या घागरीपासूनही दूर ठेवलें. स्वयंपाकघराची भिंत केवळ धुरासाठीं नव्हती. कोण आंत व कोण बाहेर हेंही ती ठरवीत होती, आणि आंत असलेलींच तिच्यामागें कोंडलींही जात होतीं.

आतां वाड्यांतून मुंबईच्या चाळींत येऊं. गिरण्या, रेल्वे व सरकारी कचेऱ्या यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत माणसें मुंबईकडे ओढलीं, व गिरगांवापासून परळपर्यंत चाळी उभ्या राहिल्या. पांढरपेशा कुटुंबास दोन खोल्या मिळत : बाहेरची व आंतली. बाहेरची खोली म्हणजे ओसरी, सोपा, दिवाणखाना, अभ्यासाची जागा व रात्रीं पुरुषमंडळींची निजण्याची जागा, हें सर्व एकांत एक. आंतली खोली म्हणजे चूल, मोरी, देवाचा कोनाडा, धान्याचे डबे आणि स्त्रियांचें सारें जग. दहा खणांचा वाडा दोन खोल्यांत मावला. माजघर गेलें, परसूं गेलें, कोठी गेली. पण आंतली खोली गेली नाहीं.

कामगारांच्या वांट्याला तर एकच खोली आली. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें ज्या चाळी बांधल्या, व ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतों, त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. शौचकूप सर्वांचे मिळून बाहेर. पण खोलीच्या कोंपऱ्यांत मोरी व तिच्याजवळ चूल असावयाचीच. पुढें किती तरी कुटुंबांनीं खोलीच्या मध्यें लांकडी फळ्यांचें पार्टिशन घालून आंतली-बाहेरची असा भेद पुन्हां निर्माण केला. घर लहान लहान करीत गेलें असतां एकामागून एक सर्व खोल्या गळून पडतात, आणि शेवटीं जें उरतें तें म्हणजे चूल व तिच्याशेजारचें पाणी. ज्याच्यावांचून घराला घर म्हणतां येत नाहीं, असा हाच भाग. आतां या चाळींच्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें देण्याची योजना चालू आहे, एका खोलींत वाढलेल्या कुटुंबांस प्रथमच "स्वयंपाकघर कोठें व केवढें?" हा प्रश्न विचारण्याची संधि मिळत आहे.

आपली भाषाही हेंच सांगते. भाऊ भाऊ विभक्त झाले म्हणजे 'चुली वेगळ्या झाल्या' असें आपण म्हणतों. 'घरें वेगळीं झालीं' असें म्हणत नाहीं, कारण एकाच वाड्यांत दोन चुली नांदत असलेल्या आपण पाहिल्या आहेत. हिंदु कायद्यांत एकत्र कुटुंबाची खूण म्हणून अन्न, उपासना व मिळकत या तिहींचें ऐक्य सांगतात. त्यांत पहिला मान अन्नाचा. आणि भारत सरकारची जनगणना देखील कुटुंब मोजतांना, सामान्यतः एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरांतलें अन्न घेणाऱ्या माणसांचा समूह तें एक कुटुंब, असें धरते. तेव्हां चूल ही कुटुंबाची व्याख्याच होय, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें ठरूं नये.

यानंतरचा पालट ब्लॉकपद्धतीनें घडविला. १८९६ सालच्या प्लेगनें मुंबईच्या कोंदट वस्तीचे दुष्परिणाम सर्वांच्या नजरेस आणून दिले. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, व त्यानें उत्तरेकडे दादर-माटुंग्याला आंखलेल्या नव्या वसाहतींत पुढें मध्यमवर्गाचीं घरें उठलीं. १९३० नंतर हिंदु कॉलनी, शिवाजी पार्क या भागांत ज्या इमारती झाल्या, त्यांत एका दाराच्या आंत सर्व सोयी असलेलें बिऱ्हाड मिळूं लागलें. आज आपणांस यांत नवल वाटत नाहीं. परंतु ज्या कुटुंबांत शौचकूप परसाच्या पार टोंकाला असे, त्यांना चूल, देव व शौचकूप हीं एका छपराखालीं, कांहीं हातांच्या अंतरावर आणणें केवढें जड गेलें असेल, याची कल्पना करावी. ज्यांनीं तें घर पत्करलें, त्यांच्या सोवळ्याला पहिला तडा नळानें व संडासानें दिला, व्याख्यानांनीं नव्हे. पुण्यांत १९६१ सालच्या पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील कित्येक जुनीं घरें वाहून नेलीं, आणि तेथेंही पुष्कळ कुटुंबांस वाडा सोडून नव्या पद्धतीच्या घरांत जावें लागलें.

याच काळांत स्वयंपाक करणारी बाई उठून उभी राहिली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. शेगडी आली, रॉकेलचा स्टोव्ह आला. स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें १८९२ च्या सुमारास तयार केलेला प्रायमस आपल्याकडे इतका रुळला कीं, त्याची पिन व त्याचा वायसर हीं घरोघरच्या मुलांस माहीत होतीं. त्याचे भडकेही दुर्दैवानें अनेक घरांनीं पाहिले. १९५५ च्या सुमारास मुंबईंत सिलिंडरांतील गॅस 'बर्शेन' या नांवानें मिळूं लागला. १९६५ सालीं कलकत्त्यांत 'इंडेन' आला, आणि पुढील कांहीं दशकांत तो गांवोगांव पसरला. १९५९ च्या सुमारास आपल्या देशांत प्रेशर कुकर बनूं लागले. भुईवरची चूल ओट्यावर चढली. आधीं कडप्प्याचा, मग ग्रॅनाइटचा ओटा झाला. मोरी उठून सिंक झाली. पाट्याचें काम मिक्सरकडे गेलें. जमिनीवर बसून चालणारी खोली कमरेच्या उंचीवर आली, म्हणून खिडकी वर गेली, कपाटें भिंतीवर चढलीं, आणि जेवणारेही पाटावरून उठून टेबलाशीं बसले. सारवण गेलें व फरशी आली. एका इंधनाच्या पालटानें घराच्या भिंती, खिडक्या, भांडीं व पंगत हीं सारीं बदललीं. मात्र गॅस दारांत आला म्हणजे धुराची चूल गेलीच असें नाहीं. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू होऊन गरीब घरांत सिलिंडर पोंचले, तरी ग्रामीण भागांत शेगडीशेजारीं चूलही पेटलेली आजही दिसते.

उभ्यानें स्वयंपाक करण्याच्या या खोलीचें शास्त्र मात्र पश्चिमेकडे आधीं तयार झालें होतें. अमेरिकेंत कॅथरिन बीचर या बाईनें आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो हिच्यासह १८६९ सालीं गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, व त्यांत स्वयंपाकघरांतील कपाटें, फळ्या व काम करण्याची जागा यांची नेटकी मांडणी दाखविली. पुढें क्रिस्टीन फ्रेडरिक हिनें कारखान्यांतील कामाच्या मोजमापाची पद्धत घरकामास लावून पाहिली. आणि १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद स्त्रीनें नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर योजिलें. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, रेल्वेच्या भोजनाच्या डब्यांतील स्वयंपाकखोली हा त्याचा एक आदर्श. प्रत्येक हालचालीचें पाऊल मोजलेलें. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बसविलीं गेलीं, व आजच्या ओटा-कपाटांच्या पद्धतीचें मूळ तेथें मानतात. विशेष हें कीं, या बाईला स्वतःला स्वयंपाक येत नव्हता, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे.

त्या योजनेंत स्त्रीचे श्रम वांचविण्याचा हेतु निर्मळ होता. बाहेर नोकरी करणाऱ्या बाईचा चुलीपाशीं जाणारा वेळ कमी व्हावा, हीच तिची तळमळ. परंतु ती खोली एकाच माणसासाठीं मोजलेली होती. दुसरी बाई आंत आली कीं दोघींची अडचण. नवऱ्यास किंवा मुलास मदतीला यावयाचें तर उभें राहण्यास जागा नाहीं. पुढें १९७० नंतर तिकडील स्त्रियांनींच या खोलीवर टीका केली कीं, हिनें पावलें वांचविलीं खरीं, पण काम करणारीला एकटें पाडलें. आपल्या ब्लॉकांतील सात बाय आठ फुटांच्या खोलींत ज्यांनीं सासू-सून-जाऊ अशा तिघींनीं मिळून गौरीच्या सोळा भाज्या केल्या असतील, त्यांना या टीकेचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

चूल घरांतून अजिबात काढून टाकण्याचेही प्रयोग झाले आहेत. १९३५ सालीं स्टॉकहोम येथें स्वेन मार्केलियस यानें बांधलेल्या इमारतींत तळमजल्यावर भोजनगृह होतें, व तेथील जेवण लहान पाळण्यांनीं वरच्या बिऱ्हाडांत चढविण्याची सोय होती. तरीसुद्धां प्रत्येक बिऱ्हाडास लहानसें स्वयंपाकघर ठेवावेंच लागलें, आणि कालांतरानें ती भोजनव्यवस्था बंद पडली. आज आपल्या शहरांत हवें तें अन्न अर्ध्या तासांत दाराशीं येतें. तरीही ओटा नसलेलें घर विकावयास कोणी बिल्डर धजत नाहीं. रोज बाहेरून मागविणाऱ्या तरुण जोडप्यालाही चहा, तान्ह्याचें दूध व आजाऱ्याची पेज यांसाठीं चूल ही हवीच असते.

असो. आतां आजच्या नकाशाकडे वळूं. हल्लीं स्वयंपाकघराची भिंत पाडून तें दिवाणखान्यांत उघडें ठेवण्याची चाल आली आहे. शतकानुशतकें जी जागा घराच्या अगदीं आंत होती, ती एकदम पुढें येऊन पाहुण्यांच्या समोर उभी राहिली आहे. कित्येक वडीलधाऱ्यांना हें रुचत नाहीं, व कित्येक तरुणांना याखेरीज दुसरें कांहीं चालत नाहीं. आमच्या मतें दोघांनींही वर सांगितलेलीं तीन कारणें पुन्हां आठवावीं. अग्नीचें भय व लांकडाचा धूर बव्हंशीं गेला. पाणी नळानें हवें तेथें नेतां येतें. सोवळें बहुतेक घरांत सणावारापुरतें उरलें, व कित्येक घरांत तेंही नाहीं. ज्या तिन्ही कारणांनीं चूल आंत गेली, तीं तिन्ही आतां तिला आंत कोंडून ठेवूं शकत नाहींत. भिंत पडली यांत नवल नाहीं.

परंतु चौथी एक गोष्ट आहे, ती कोणत्याच नकाशांत आंखलेली नसते; ती म्हणजे श्रम. तेवढे मात्र गेलेले नाहींत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरच्या माणसांसाठीं विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जात, व पुरुषांचीं ९७. त्याहूनही बोलका आंकडा असा कीं, असें कांहीं तरी काम त्या दिवशीं करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, आणि पुरुष शंभरांत २६. याचा अर्थ उघड आहे. भिंत पाडली म्हणून काम वांटलें जात नाहीं. उघड्या स्वयंपाकघरांत बाई एकटी पडत नाहीं, मुलांच्या अभ्यासावर तिची नजर राहते, बोलण्यांत तिला भाग घेतां येतो, हे लाभ खरे. परंतु मदतीला कोणी उठणार नसेल, तर तिच्या श्रमाला फक्त प्रेक्षक मिळतात. आणि घासावयाचीं भांडीं, फोडणीचा ठसका व घामेजलेला चेहरा हें सर्व पाहुण्यांच्या नजरेपुढें राहतें. भिंत राखली, पण पूर्वींप्रमाणें तिच्यामागें एकच बाई उभी राहिली, तरी अन्याय तोच.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा अनुभव येथें सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या एका पेठेंतील त्यांचा वाडा पाडावयाचा होता, व नव्या इमारतींत दोन भावांस मिळून एक मोठें घर मिळणार होतें. माणसें नऊ. धाकटी सून उघड्या स्वयंपाकघराच्या बाजूची, थोरली भिंतीच्या बाजूची. पुरुषमंडळी, कोणतेंही चालेल पण लवकर ठरवा, या मताची. तीन आठवडे वाद चालला. शेवटीं धाकट्या सुनेनें सासूबाईंस विचारलें, "आई, चाळीस वर्षें तुम्हीं या घरांत स्वयंपाक केला. तुम्हांला काय हवें तें तुम्हीं एकदांही सांगितलें नाहींत." त्या म्हणाल्या, "मला कोणीं विचारलेंच नव्हतें. मला एवढेंच हवें कीं पोळ्या लाटतांना समोर भिंत नसावी. खिडकी असावी, आणि तींतून येणारें-जाणारें माणूस दिसावें." वाद त्या क्षणीं मिटला नाहीं, पण त्याचें वळण बदललें. उघडें कीं बंद हा प्रश्न मागें पडला, आणि कोण कोठें उभें राहणार, किती वेळ, व कोणाबरोबर, हा प्रश्न पुढें आला. शेवटीं ओटा बाहेरच्या खिडकीखालीं गेला, दिवाणखान्याच्या बाजूस सरकतें कांचेचें दार आलें, व दोघींना पाठीला पाठ न लागतां काम करतां येईल एवढी रुंदी राहावी म्हणून बैठकीच्या खोलींतून दोन फूट कापून घेतले गेले. थोरल्या चिरंजीवांनीं दिवाणखाना लहान झाल्याची कुरकुर केली. पण आतां रविवारचा चहा व पोहे तेच करतात, आणि तेंही त्या दोन फुटांमुळेंच, असें त्यांची पत्नी म्हणते.

यावरून कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. नकाशावर सही होण्यापूर्वीं घरांत जे कोणी स्वयंपाक करतात त्यांस, वयानें वडील असोत वा धाकटे, एका बैठकीस बसवून त्यांचें म्हणणें आधीं ऐकावें. शेगडी, पाणी व साठवण या तीन जागांमध्यें फार चालावें लागूं नये, व दोन माणसें एकमेकांना न अडखळतां वावरावीं, हें खडूनें जमिनीवर आंखून पाहावें. कागदावर सर्वच खोल्या ऐसपैस दिसतात. ओट्याची उंची बिल्डरच्या ठरीव मापानें न घेतां, रोज तेथें उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कोपरापासून चार ते सहा इंच खालीं यावी. खिडकी ओट्यासमोर असावी व धूर-वाफ ओढणारा पंखा थेट बाहेर उघडावा. फोडणी हा आपल्या स्वयंपाकाचा प्राण आहे, तेव्हां तिची वाट आधीं करून ठेवावी. भांडीं घासण्यास, कोथिंबीर निवडण्यास व कुरड्या-पापड वाळविण्यास लागून एखादी गॅलरी असल्यास जुन्या परसाची उणीव पुष्कळ भरून निघते. वाकणें ज्यांना झेपत नाहीं अशांसाठीं बसून काम करण्याची एक ठेंगणी जागाही ठेवावी. आपल्या आज्यांचें बसून काम करणें सर्वस्वीं टाकाऊ नव्हतें. वास्तुशास्त्र मानणारे आग्नेय दिशा पाहतील. त्यांनीं ती अवश्य पाहावी, पण ज्या दिशेला तोंड करून बाई रोज पांच तास उभी राहणार, त्या दिशेस काय आहे हेंही पाहावें.

आणि घरांतल्या मुलग्यांसाठीं तेथें जागा ठेवावी. ही जागा फुटांत मोजावयाची आहे. ओट्याशीं दुसरें माणूस उभें राहूं शकेल एवढी रुंदी नसेल, तर समानतेवरचे सारे लेख वाचूनही मुलगा दारांतच उभा राहील व "कांहीं मदत करूं का ?" एवढें विचारून परत जाईल.

वाडा गेला, चाळही जात आहे, आणि आज ज्याला आपण नवें म्हणतों तेंही आणखी पन्नास वर्षांनीं पाडलें जाईल. त्या वेळच्या नकाशांतही अन्न शिजविण्याची जागा असेलच, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ती जागा घराच्या कोणत्या कोंपऱ्यांत असावी हें इंधन, पाणी व काळ ठरवितील. तेथें कोणी एकटें उभें राहावें कीं नाहीं, एवढें मात्र कुटुंबानें स्वतः ठरवावयाचें आहे. आणि तें ठरविण्याची वेळ भिंती उभ्या राहण्यापूर्वींची आहे.